सुचवलेली दुरुस्ती नामंजूर झाली, कोणाले विचारू?

पऱ्हाटी_पाच_एकर (घाटंजी तालुका, यवतमाळ)
रविवार, रात्री 10:50

नमस्कार मंडळी. आमच्या फिडरले या आठवड्यात थ्री फेज रात्री बाराला आहे. मोटर लावेपर्यंत जागावंच लागते, म्हणून बसल्या बसल्या मनात खुपलेली गोष्ट मांडून राह्यलो.

इंग्रजीत त्या प्रश्नोत्तराच्या साइटी असतात ना, कोणी विचारते, कोणी सांगते, खाली मतं पडतात, त्यातल्या एकीवर मी दोन महिन्यांपासून जातो. साइटचं नाव घेत नाही, भांडण साइटशी नाही. इंग्रजी माझं बारावीपुरतं, बाकी मोबाइल भाषांतर करून देते. तिथं एका उत्तरात निंबोळी अर्काची कृती होती. उत्तर जुनं, मतं भरपूर. पण प्रमाण चुकलेलं. 5 किलो निंबोळी भुकटी आणि 10 लिटर पाणी. आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगते की 5 किलोले 100 लिटर पाणी लागते. एकरी 200 लिटर फवारा धरला तर 10 किलो निंबोळीत काम होते. त्या उत्तरावर गेलं तं एकराले 100 किलो. मंग तो माणूस निंबोळ्या वेचायले अख्खं गाव लावते का?

खाली दुरुस्तीचं बटण होतं. दाबलं. एक शून्य वाढवलं अन् पाठवलं. दोन दिवसांनी पाहतो तं नामंजूर. दोघांनी नाकारलं. कारण काय, तं म्हणे ही दुरुस्ती लेखकाच्या मूळ हेतूशी जुळत नाही. अरे बाप्पा, चुकीचं प्रमाण सांगायचा हेतू असते का कोणाचा? नाकारणाऱ्यांची नावं दिसतात तिथं. एक जण संगणकाच्या प्रश्नांचीच उत्तरं देणारा निघाला, दुसऱ्यानं स्वतःबद्दल काही लिहिलंच नाही. यांनी कधी कडुनिंब पाह्यला असंन का?

मी काय त्याचं वावर माझ्या नावावर करून मांगतलं होतं? सांगा, हे ठरवते कोण, अन् कशावरून?

---

रांगेतला_रखवाला (हिंगणघाट)
रविवार, रात्री 11:35

भाऊ, तुमची साइट कोणती ते विचारत नाही. मला स्टॅक एक्सचेंजच्या साइटींची पद्धत ठाऊक आहे, कारण त्यांच्या रांगेत मी बरीच वर्षं तपासणी केली. बाकीच्या साइटींचे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील.

2008 मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे त्यातली पहिली, संगणकाच्या प्रश्नांची साइट, काढली तेव्हापासून एक गोष्ट ठरलेली होती. उत्तर एकाचं असलं तरी त्याची निगा सगळ्यांनी राखायची. पण नव्या माणसाला दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावता यायचा नाही. 2011 मध्ये दुरुस्ती सुचवायची सोय आली. आता कोणीही, अगदी खातं नसलेला माणूससुद्धा, दुरुस्ती सुचवतो. ती लगेच लागत नाही, रांगेत जाऊन बसते. 2000 गुण (लोकांच्या पसंतीच्या मतांतून साठणारे) झालेल्यांना दोन गोष्टी मिळतात : स्वतःची दुरुस्ती कोणालाही न विचारता करणं, आणि रांगेतल्या दुरुस्त्या तपासणं. बहुतेक साइटींवर दोन तपासनिसांचं एकमत झालं की निकाल लागतो. मूळ लेखक किंवा नियामक असेल तर त्याचं एकट्याचं मत पुरतं.

आता तपासणाऱ्याला काय दिसतं ते ऐका, कारण तुमचा राग तिथं आहे. त्याला शेजारीशेजारी दोन रकाने दिसतात. डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. वर तुम्ही लिहिलेली कारणाची एक ओळ. बस. तुम्ही घाटंजीचे, तुमच्या वावरात पऱ्हाटी आहे, हे त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर पर्याय पाच : मंजूर, नामंजूर, आणखी सुधारून मंजूर, नाकारून स्वतः दुरुस्त करणं, किंवा सोडून देऊन पुढे जाणं. नाकारायचं तर कारण निवडावं लागतं. जाहिरात किंवा खोडसाळपणा, काहीच सुधारणा नाही, लेखकाच्या हेतूविरुद्ध, किंवा ही दुरुस्ती नसून लेखकाला दिलेलं उत्तर आहे, अशी ती कारणं. यातलं एकही बसत नसेल तर हाताने लिहायचं.

आणि नियम असा की कोणी उत्तरातली माहिती बदलत असेल तर तपासणाऱ्याने आधी संशयच घ्यायचा. शुद्धलेखन, तुटलेला दुवा, विस्कटलेला परिच्छेद हे बिनधास्त. पण आकडा बदलला की थांबायचं. कारण आज तुम्ही बरोबर आकडा घातला, उद्या दुसरा चुकीचा घालेल, आणि खाली नाव मात्र मूळ लेखकाचंच राहील.

दोन प्रश्न आहेत भाऊ. कारणाच्या ओळीत काय लिहिलं होतं? आणि खरंच फक्त एक शून्य वाढवलं? कारण स्टॅक एक्सचेंजवर सुचवलेल्या दुरुस्तीत मजकुराचा किमान 6 अक्षरांचा फरक लागतो. एका शून्याची दुरुस्ती तिथं पाठवताच येत नाही.

---

तिखट_हरभरा (नागपूर)
सोमवार, सकाळी 7:10

रखवालदार साहेब, वकिली चांगली करता. पण खरं सांगा, तपासनीस वाचतात तरी का? त्यांना गुण मिळत नाहीत, बिल्ले मिळतात. 250 तपासण्यांचा चांदीचा, 1000 चा सोन्याचा. बिल्ल्यासाठी डोळे मिटून बटणं दाबणारे आम्ही पाहिले आहेत. अशांना तिकडे 'रोबो' म्हणतात. या भावाची दुरुस्ती अशाच दोघांच्या तावडीत सापडली असेल. वाचणाऱ्याचं नुकसान होतंय आणि हे हेतू शोधत बसले.

---

रांगेतला_रखवाला
सोमवार, सकाळी 8:25

रोबो आहेत, नाही कशाला म्हणू? पण रोबो सहसा मंजूरच करत सुटतो, नाकारत नाही. नाकारायला कारण निवडावं लागतं, तेवढाही वेळ त्याला द्यायचा नसतो. त्यांना पकडायला रांगेत मधूनच खोटी दुरुस्ती सोडतात. दिसायला इतरांसारखीच, पण आत मजकुराची वाट लावलेली. ती मंजूर केली की लगेच लाल पाटी येते, आणि वारंवार झालं तर काही दिवस तपासणी बंद.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एकदा पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत मोबाइलवर तपासणी करत होतो. लहान पडदा, शेजारी दोघांचं आयपीएलवरून भांडण. मंजूर, मंजूर, मंजूर. चौथ्याला पाटी आली. उघडून पाहिलं तर मजकुराच्या मधोमध कुठल्यातरी दुसऱ्याच उत्तराचं अर्धं वाक्य खोचलेलं, आणि मी त्याला होकार दिलेला. तेव्हापासून मोबाइलवर रांग उघडत नाही. खर्राही सोडला असता तर बरं झालं असतं, पण ते असो.

---

बॅकस्पेस (आर्वी, वर्धा)
सोमवार, दुपारी 1:40

मी पॉलिटेक्निकला आहे. माझी पहिली नामंजूर दुरुस्ती सांगते, हसा.

एका मुलाने पायथन या संगणकाच्या भाषेचा प्रश्न टाकला होता. त्याच्या कोडमध्ये एका ओळीचं समासाचं अंतर चुकलेलं. पायथनमध्ये ओळ किती आत ढकलली यावरच सगळं ठरतं, त्यामुळे ते चालतच नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्याची टंकनाची चूक आहे. मी ती ओळ सरळ करून दुरुस्ती पाठवली. नामंजूर! मी दिवसभर फणफणले. संध्याकाळी प्रश्न पुन्हा वाचला, तर त्याचा प्रश्नच तो होता : 'हे चालत का नाही?' मी चूकच पुसून टाकत होते. मंजूर झाली असती तर खाली चार जणांनी दिलेली उत्तरं हवेत लटकली असती, कारण ज्या चुकीबद्दल ते बोलत होते ती प्रश्नात उरलीच नसती.

प्रश्नातल्या कोडला हात लावू नये असं तिथं म्हणतात ते यासाठी. मांडणी नीट करा, इंग्रजी सुधारा, शीर्षक नेमकं करा. कोड तसंच ठेवा.

दादा, तुमचं उत्तरातलं आहे, प्रश्नातलं नाही, म्हणून थोडं वेगळं. पण रखवाला दादांच्या 6 अक्षरांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलं नाही.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
सोमवार, रात्री 9:30

दिवसभर डवरणीत होतो. आता सांगतो, लपवत नाही.

आमच्या साइटवरबी तसंच बंधन आहे. एक शून्य घातलं तं ते म्हणे बदल फार कमी आहे. मंग मी खाली तीन वाक्यं जोडली. पहिलं, अर्क गाळून झाल्यावर थोडा साबण टाकावा म्हणजे पानावर चिकटते. दुसरं, फवारणी संध्याकाळी करावी. तिसरं, आमच्याकडे दशपर्णीही (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) करतात. सगळं खरंच आहे, खोटं एक अक्षर नाही. कारणाचा रकाना रिकामा सोडला. काय लिहायचं तेच सुचलं नाही.

---

तिखट_हरभरा
सोमवार, रात्री 9:52

😂 हे तर कापसावर पाणी मारून वजन वाढवल्यासारखं झालं भाऊ. 8 ते 12 टक्के ओलावा चालतो, तुम्ही बादलीच ओतली.

---

रांगेतला_रखवाला
सोमवार, रात्री 10:15

हरभरा भाऊ, आज पटलं तुमचं.

पऱ्हाटी भाऊ, आता त्या दोघांच्या जागी बसून पाहा. हिरव्या रंगात तीन नवी वाक्यं, त्यातलं एक 'आमच्याकडे' म्हणून सुरू होणारं. लेखक कुठला, 'आमच्याकडे' कुठलं? आणि त्या गर्दीत वर कुठेतरी 10 चं 100. कारणाची ओळ रिकामी. मी असतो तर मीही हेच बटण दाबलं असतं. त्यांनी तुमचं शून्य नाकारलं नाही, तुमची वाक्यं नाकारली, आणि शून्य त्यांच्यासोबत फुकट गेलं. दुरुस्ती अर्धी मंजूर, अर्धी नामंजूर होत नाही. 'सुधारून मंजूर' करणारा तपासनीस भेटला असता तर त्याने वाक्यं काढून शून्य ठेवलं असतं, पण ते करायला त्याला शून्य बरोबर असल्याची खात्री लागते.

6 अक्षरांचं बंधन वाक्यं जोडायला सांगत नाही. त्याचा अर्थ असा की एवढ्याशा बदलासाठी दोन माणसांचा वेळ घेताय तर पोस्टातल्या बाकीच्या चुकाही एकदाच काढा. त्या उत्तरात शुद्धलेखनाच्या चुका नव्हत्या का?

---

पऱ्हाटी_पाच_एकर
सोमवार, रात्री 10:31

होत्या ना. निंबाचं शास्त्रीय नावच चुकलेलं होतं. पण मले वाटलं त्यात काय.

---

गावनमुना_सहा (दर्यापूर तालुका, अमरावती)
मंगळवार, सकाळी 6:15

सर्वांस नमस्कार. मी महसूल खात्यातून निवृत्त आहे. संगणकातले मला फारसे कळत नाही, पण धागा वाचून राहवले नाही, कारण पऱ्हाटी भाऊंनी वावर नावावर करण्याचा दाखला दिला आणि नेमके तेच माझे आयुष्यभराचे काम होते.

फेरफार कसा होतो ते आठवा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 150. खरेदी झाली, वारस लागले, की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो. पण सातबारा त्या दिवशी बदलत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, त्यानंतर सातबारा बदलतो. नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा वेगळा, हीच त्यातली मेख. तुमची ती रांग मला याहून फार निराळी दिसत नाही.

पण तुमचे प्रकरण कलम 150 चे नाही. ते कलम 155 चे आहे. त्या कलमात तीनच प्रकारच्या चुका दुरुस्त होतात : लेखनप्रमाद, ज्या चुका हितसंबंधित स्वतः कबूल करतात, आणि ज्या तपासणीत महसूल अधिकाऱ्याच्या नजरेस येतात. हस्तलिखितावरून संगणकीकरण झाले तेव्हा अशा चुका भरपूर निघाल्या. 1.20 हेक्टरचे 12.0 झालेले मी स्वतः पाहिले आहे. दुरुस्ती करताना आम्ही शेतकऱ्याला 'तुला शेतीतले काय कळते' असे विचारत नव्हतो. खरेदीखत मागायचो. खरेदीखतात 1.20 आहे, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर 1.20 आहे, म्हणजे 12.0 ही लिहिणाऱ्याच्या हाताची चूक. कागदच कागदाची चूक सांगतो. आणि याच कलमाच्या आडून कोणी मालकी बदलायला आला, की त्याला परत पाठवायचो. असे येणारेही पुष्कळ असत.

तेव्हा पऱ्हाटी भाऊ, माझा प्रश्न एवढाच. 10 लिटर ही त्या लेखकाच्या हाताची चूक आहे, की त्याचे मतच तसे आहे? आणि हे त्याच्याच कागदावरून सिद्ध होते का? आपल्या कृषी सहायकाच्या सांगण्यावरून नव्हे. उत्तर पुन्हा एकदा वरपासून वाचा.

---

तिखट_हरभरा
मंगळवार, सकाळी 9:05

काका, दाखला जोरदार, पण एक अडचण. सातबारा ज्याचा असतो त्याचं नुकसान होतं. इथं नुकसान वाचणाऱ्याचं. लेखकाचं मतच चुकीचं असेल तर ते तसंच जपून ठेवायचं? निंबोळी आहे म्हणून ठीक. रासायनिक औषधाचं प्रमाण असतं तर? यवतमाळ जिल्ह्यात 2017 ला फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली आहेत. आपण कशाबद्दल बोलतोय ते विसरू नका.

---

रांगेतला_रखवाला
मंगळवार, सकाळी 10:40

हरभरा भाऊ, म्हणूनच तर वेगळे रस्ते आहेत. लेखकाचं मत चुकलं असेल तर त्याच्या खाली टिप्पणी करायची, उत्तर उपयोगाचं नाही असं मत द्यायचं, आणि स्वतःचं बरोबर उत्तर लिहायचं. वाचणारा तिन्ही पाहतो. त्याचं तोंड दाबून तुमचे शब्द त्याच्या नावावर खपवले तर चूक झाकली जाते, दिसत नाही. प्रत्येक दुरुस्तीचा इतिहास जपलेला असतो, जुनी प्रत परत आणता येते, पण इतिहास उघडून कोण पाहतं?

काकांनी मालकीचं काढलं म्हणून सांगतो. तिथं लिहिलेलं सगळं सीसी बाय-एसए परवान्याखाली जातं, 2018 पासूनच्या मजकुराला त्याची 4.0 आवृत्ती. म्हणजे वहिवाट सगळ्यांची, पण नाव लेखकाचं लागलंच पाहिजे. नाव त्याचं लागणार असेल तर म्हणणंही त्याचंच असायला हवं ना?

---

पऱ्हाटी_पाच_एकर
मंगळवार, दुपारी 2:20

टिप्पणी करा म्हणता, पण मले करता येत नाही ना! माझे गुण 11. टिप्पणीले 50 लागतात. नापसंतीचं मत द्यायले तं त्याहून जास्त. दुरुस्तीचं बटण तेवढं उघडं होतं, म्हणून तिकडून गेलो.

---

बॅकस्पेस
मंगळवार, दुपारी 2:45

हेच! माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं असंच झालं. स्टॅक ओव्हरफ्लोवरही हेच आकडे आहेत : टिप्पणीला 50, विरोधी मताला 125, आणि दुरुस्ती सुचवायला काहीच नाही. समोरचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. मग नवा माणूस टिप्पणी दुरुस्तीतून लिहितो. 'सर हे माझ्याकडे चालत नाही' असं लोक दुसऱ्याच्या उत्तरात घालून पाठवतात. नाकारायच्या कारणांत 'हे लेखकाला दिलेलं उत्तर आहे' असं वेगळं कारण ठेवावं लागलं, त्यावरूनच समजा हे किती होत असेल. नव्या लोकांना यात मूर्ख ठरवणं मला पटत नाही. घराची रचनाच तशी आहे.

आणि नामंजुऱ्या साठल्या तर 7 दिवस सुचवायची बंदी येते. म्हणून दादा, घाईत दुसरी दुरुस्ती पाठवू नका.

---

रांगेतला_रखवाला
मंगळवार, दुपारी 3:10

हे मात्र मान्य. टिप्पणीला अट लावली ती जाहिरातवाल्यांमुळे. दुरुस्ती तपासून लागते म्हणून ती खुली ठेवली. कागदावर बरोबर. पण त्याचा भार येऊन पडतो रांगेवर. रांग भरली की 'नंतर या' अशी पाटी लागते, आणि चांगली दुरुस्ती आणणाराही दारातून परत जातो.

---

धानाची_बांधी (साकोली, भंडारा)
मंगळवार, सायंकाळी 6:00

मधेच बोलतो. मी मराठी विकिपीडियावर लिहितो, तिथं उलटं आहे. बदल लगेच लागतो, मागाहून कोणीतरी 'अलीकडील बदल' पाहून चूक असेल तर उलटवतो. जर्मन विकिपीडियावर 2008 पासून नव्या लोकांचे बदल आधी तपासून मग वाचकांना दाखवतात. पण तिथं लेखाखाली कोणा एकाचं नाव नसतं, त्यामुळे 'लेखकाचा हेतू' ही भानगडच नाही. संदर्भ आहे का, एवढंच विचारतात. ज्याला आकडाच बदलायचा आहे त्याने तिकडे यावं, माणसं कमी आहेत. जाहिरात समजा हवी तर.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
मंगळवार, रात्री 11:45

काका, पाया पडतो तुमच्या.

तुम्ही म्हटलं म्हणून उत्तर वरून वाचलं. या वेळी भाषांतर न करता, एक एक शब्द लावून. सुरुवातीलेच त्यानं लिहून ठेवलं आहे : '5 टक्के निंबोळी अर्क असा करावा.' पाच टक्के! 10 लिटरले 5 किलो म्हणजे किती टक्के होते? 50. त्याचाच मथळा त्याच्या आकड्याले खोटं पाडून राह्यला. अन् खाली शेवटी लिहिलं आहे की 'एवढं द्रावण अर्ध्या एकराला पुरतं'. 10 लिटरात अर्धा एकर कुठून होते? 100 लिटरातच होते. म्हणजे त्याच्या डोक्यात 100 च होतं, हातानं 10 लिहिलं.

हे मी पहिल्या दिवशी वाचलंच नव्हतं. माझी नजर 10 वर गेली अन् तिथंच डोकं फिरलं.

---

गावनमुना_सहा
बुधवार, सकाळी 6:05

मिळाले खरेदीखत. आता अर्ज नीट लिहा.

---

बॅकस्पेस
बुधवार, दुपारी 12:30

दादा, मी कारणाची ओळ इंग्रजीत करून तुम्हाला निरोपात पाठवली आहे. मराठीत तिचा अर्थ असा : 'मथळ्यात 5 टक्के आणि शेवटी अर्ध्या एकराचं द्रावण म्हटलं आहे, दोन्ही हिशेबांनी 5 किलोला 100 लिटर पाणी येतं, 10 ही टंकनाची चूक दिसते. शिवाय निंबाचं शास्त्रीय नाव व शुद्धलेखन दुरुस्त केलं.' तुमच्या शेतीच्या अनुभवाचं त्यात काही घातलं नाही, मुद्दाम. तपासणाऱ्याला दोन मिनिटांत स्वतः गुणाकार करून पाहता आला पाहिजे.

शास्त्रीय नाव 'अझाडिराक्टा इंडिका'. स्पेलिंग निरोपात आहे, तिथूनच चिकटवा. हाताने लिहायला जाऊ नका.

साबण, संध्याकाळ, दशपर्णी : यातलं काही नको!

---

पऱ्हाटी_पाच_एकर
बुधवार, रात्री 8:15

पाठवलं. शून्य, शास्त्रीय नाव, अन् तीन शब्दांचं स्पेलिंग. बस.

---

तिखट_हरभरा
गुरुवार, सकाळी 7:30

निकाल लागला का? आणि तो लेखक जिवंत आहे की नाही? त्याने एका मतात मंजूर केलं असतं.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
गुरुवार, दुपारी 1:05

लेखक तिकडं कित्येक वर्षांत फिरकला नाही असं त्याच्या पानावर दिसते. एक मंजुरी पडली आहे. दुसरी बाकी.

---

धानाची_बांधी
गुरुवार, दुपारी 4:20

विषयाला सोडून विचारतो. निंबोळ्या आता मिळतील का कुठे? आमच्याकडे झाडं आहेत, पण वेचून ठेवल्याच नाहीत.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
गुरुवार, सायंकाळी 7:10

दादा, आता कुठं. पिकून खाली पडतात तेव्हा, जून-जुलैच्या आसपास, वेचून गर काढून सावलीत वाळवून ठेवा लागते. पोत्यात भरताना ओल राहिली तं बुरशी येते. यंदा कृषी केंद्रातून तयार भुकटी घ्या, पुढच्या साली झाडाखाली जुनं लुगडं अंथरा.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
शुक्रवार, रात्री 10:20

मंजूर!! दुसऱ्यानं 'सुधारून मंजूर' केलं. मी एक स्पेलिंग उलटं बिघडवून ठेवलं होतं, ते त्यानं नीट केलं. अन् गंमत पाहा, पहिली मंजुरी कोणाची होती? मागच्या वेळी नाकारणारा तोच संगणकवाला.

---

रांगेतला_रखवाला
शुक्रवार, रात्री 10:41

अभिनंदन भाऊ. मंजूर दुरुस्तीचे 2 गुण मिळतात, म्हणजे आता 13.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
शुक्रवार, रात्री 10:50

म्हणजे टिप्पणीले अजून 37. दोन-दोननं गेलं तं 19 दुरुस्त्या.

---

रांगेतला_रखवाला
शुक्रवार, रात्री 10:58

किंवा एक उत्तर. पसंतीच्या एका मताला 10 मिळतात, चार जणांना पटलं की झालं. ती साबणाची, संध्याकाळच्या फवारणीची वाक्यं वाया कशाला घालवता? त्याच प्रश्नाखाली स्वतःच्या नावाने टाका.

---

पऱ्हाटी_पाच_एकर
शुक्रवार, रात्री 11:15

टाकतो. दशपर्णीचंबी लिहितो, पण त्याले वेळ लागंन, माय कशी करते ते विचारून लिहा लागंन. बॅकस्पेस ताई, इंग्रजी एकदा पाहून देशील का?

---

बॅकस्पेस
शनिवार, सकाळी 8:00

पाठवा. पण बुधवारनंतर पाहीन, प्रॅक्टिकल आहे.